उपाशीपोटीचं रक्त

“मी काय पोराला जेवू घातलं नव्हतं बाई. उपासाचं दिलं होतं!”

अक्कलकोटच्या पार्वतीबाई प्रयोगशाळेच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा सात वर्षांचा नातू सिद्धू पदराआडून माझ्या टेबलावरच्या काचेच्या नळ्यांकडे बघत होता.

“काय दिलं होतं?” मी विचारलं.

“साबुदाण्याची खिचडी. श्रावणी सोमवार होता. पाटे पाचाला उठून आलो आमी. लेकरू काय वाऱ्यावर राहील व्हय?”

“आजी, मी चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं होतं. वाचूनही दाखवलं होतं. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही.”

“मग? अन्नाचा कण दिला नाही त्याला. भाकरी नाही, भात नाही. उपासाचं खाल्लं तर त्याला खाल्लं म्हणतात का कुठं?”

“दाण्याचं कूट किती होतं खिचडीत?”

“दाण्याबिगर खिचडी करतात काय तुमच्यात?” आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच कुठून तरी परदेशातून आले असावे.

मी कपाळाला हात लावला. माझी तीन दिवसांची मेहनत आजींनी खिचडीत कालवली होती.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळात मी रक्त तपासण्याचं काम करत होते. मेंदूच्या विकारांचे डॉक्टर परचुरे यांनी बरीच खटपट करून एक जुनं यंत्र मिळवलं होतं. रक्तातल्या चरबीचे बारीक बारीक प्रकार ते वेगळे करून दाखवायचं. कागदाची पट्टी सरकत राहायची, तिच्यावर पेन हलायचं आणि जो प्रकार जास्त, त्याची टेकडी उंच उमटायची. सरांचा सगळा जीव शेवटच्या टेकडीत असायचा. ती सव्वीस कार्बनांच्या लांबलचक मेदाम्लाची. निरोगी माणसाच्या रक्तात ते जेमतेम असतं, कारण अंग ही लांब मेदाम्लं तोडून संपवतं. काही जणांच्या अंगात मात्र ती तोडायची सोय जन्मापासूनच बिघडलेली असते.

“घरातला कचरा रोजच्या रोज टाकला नाही तर काय होतं, हत्तुरेबाई?” सर समजावून सांगायचे. “साचतो. तशी ही चरबी मेंदूत आणि पाठीच्या कण्यात साचते. मग अंगातले पहारेकरी धावून येतात आणि कचऱ्याला आग लावतात. त्या आगीत नसांवरचं वेष्टन जळून जातं. वायरवरचं प्लास्टिक जळाल्यावर दिवा कसा लागायचा?”

सिद्धू वर्षभरात काळवंडला होता, शाळेत बाईंनी हाक मारली तरी ओ देत नव्हता. लहान मुलग्याच्या मेंदूला हा रोग लागला तर दोन-तीन वर्षांत पोर अंथरुणाला खिळतं. म्हणून सरांनी त्याचं रक्त माझ्याकडे पाठवलं आणि शेवटची टेकडी वर आली. फार उंच नाही, पण घरच्यांना बोलावून घ्यावं इतकी होती. सर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत असतानाच ही खिचडी बाहेर आली.

सरांना तर केवढा आनंद झाला! “अहो, शेंगदाण्यात ही लांब मेदाम्लं असतात. पुस्तकात वाचलंय मी. पण एका ताटलीनं किती फरक पडतो ते बघायला हवं. पोराचं रक्त पुन्हा घेऊ, कडक उपाशी ठेवून. आणि हत्तुरेबाई, तुमचंही.”

नवीन काही करून बघायचं तर आधी आपलंच रक्त, ही आमच्याकडची रीतच होती. आपण धडधाकट, म्हणून आपलं रक्त नमुन्याचं, असा हिशेब. माझ्या दोन्ही कोपरांत सुयांच्या जुन्या खुणा होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता. ठरलं असं, की तीन दिवस मी शेंगदाणा तोंडात घालायचा नाही, सोमवारी सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग ताटलीभर खिचडी खाऊन दुपारी पुन्हा द्यायचं.

आता सोलापुरात तीन दिवस शेंगदाणा टाळायचा म्हणजे जवळजवळ संन्यासच. पण माझा स्वभावच तसा. नियम म्हणजे नियम. चटणीचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला, आमटीला कूट लावलं नाही. यजमान दोन दिवस सपक खाऊन कुरकुरले, तर त्यांनाच सुनावलं. माझ्या शिस्तीला घरीदारी सगळे वचकून असत आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. नव्हे, आवडतही होतं.

सिद्धूला सरांनी रविवारी वॉर्डात ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी मी आधी त्याचं रक्त घेतलं, मग नर्सकडून स्वतःचं काढवलं. नंतर पार्वतीबाईंनीच हौसेनं डब्यातून आणलेली खिचडी खाल्ली. “घ्या की अजून, लाजता कशाला,” म्हणत त्यांनी वाढली. खिचडी झकास झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुरुवारी पट्ट्या हातात आल्या. सिद्धूची शेवटची टेकडी सपाट होती. पोराला तो रोग नव्हता. पुढे कळलं की कानात मळाचे बोळे होते म्हणून ऐकू येत नव्हतं, आणि रंग गेला होता तो दिवसभर उन्हात पतंगामागे धावून. पार्वतीबाईंनी माझी अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली आणि नातवाला ओढत एसटी गाठायला निघाल्या.

मग सरांनी माझी पट्टी उलगडली. उपाशीपोटीची. आणि ते हसायला लागले.

“काय हो बाई! खाई त्याला खवखवे. चटणी खाल्लीत ना?”

मी वाकून बघितलं. माझी शेवटची टेकडी सिद्धूच्या खिचडीवाल्या टेकडीच्या दुप्पट होती.

“सर, देवाशपथ सांगते, दाण्याला शिवले नाही मी.”

“अहो, एखाद वेळी नकळत जातं पोटात.”

“माझ्या नाही जात.” मला राग आला. आजवर माझ्या कामात कोणी खोट काढली नव्हती. “नळ्यांची अदलाबदल झाली असेल. मी परत करते.”

परत केलं. ह्या वेळी सरांनी स्वतः सुई टोचली. आदल्या संध्याकाळपासून मी काय खाल्लं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं. शनिवारी दुपारी पट्टी बाहेर आली. सरांनी ती जुन्या पट्टीशेजारी धरून पाहिली. ह्या खेपेला ते हसले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेचं दार लोटलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

“बाई, तुम्हाला भाऊ आहे?”

“नाही.”

दिवाळीपासून हे उत्तर माझ्या तोंडात बसलं होतं. कोणीही विचारलं तरी मी एवढंच म्हणायचे, आणि दुसरं काही काम काढायचे.

“आईला भाऊ होते?”

“एक होता. मी बघितलेला नाही. नऊ-दहा वर्षांचा असताना गेला. आजी सांगायची, गोरापान पोर बघता बघता काळाठिक्कर पडलं, मग दिसेना, बोलेना. कोणीतरी करणी केली म्हणायचे. आजीनं किती देवऋषी केले म्हणून सांगू!”

मी हे बोलत होते आणि बोलता बोलताच माझे शब्द मला ऐकू येत होते. रोज ह्याच रोगाच्या नळ्या भरणारी मी, पण आजीची ती गोष्ट आणि ह्या नळ्या मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचाच पगार घेत होते ना!

सर हळू आवाजात म्हणाले, “हा रोग आईकडून येतो. बाई बहुधा बचावते, फक्त रक्तात खूण राहते. तुमच्यात आहे तशी. पुरुषाला तो भोगावा लागतो. कोणाला लहानपणी, कोणाला तिशीत. म्हणून पुन्हा विचारतो. भाऊ झालाच नाही की...”

“आहे,” मी म्हणाले. “पण तो आमच्यात नाही. दारू पितो.”

“किती?”

“धड चालता येत नाही इतकी.”

“कसा चालतो?”

“पाय ओढत. ताठ, लाकडासारखे. गुडघ्यात गुडघा अडकतो त्याचा. भर दुपारी रस्त्यात पडतो.”

“आणि रंग?”

“काळा झालाय. दारूनं लिव्हर गेलं की होतो ना माणूस काळा?”

सर पुढे झुकले. “तुम्ही त्याला पिताना पाहिलंय?”

“मी कशाला पाहू?”

“दुसऱ्या कोणी?”

मी आठवायला लागले. कारखान्यात पडला म्हणून मालकानं काढलं, ते मालकाच्या मुकादमानं सांगितलं होतं. मुकादमाला कामगारांनी सांगितलं होतं. त्याची बायको म्हणायची, तोल जातो त्यांचा. शेजारी म्हणायचे, रोजचंच आहे.

“वास?” सरांनी विचारलं. “तोंडाला वास यायचा?”

“आला असेलच की, सर.”

“असेल? की आला होता?”

 वास आला होता का? भाऊबीजेच्या दिवशी तो माझ्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. अंगावर नवा शर्ट होता. पँट पुढून ओली होती. माझी मुलगी, जावा, नणंदा, सगळ्या पाट मांडून, रांगोळी काढून वाट बघत होत्या. तो उंबऱ्याला अडखळून पाटावर आडवा झाला. निरांजन माझ्या हातात होतं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अक्का, पाय ऐकेनात गं,” म्हणाला. मी म्हटलं, “पाय कसे ऐकतील? आधी बाटलीला विचार.” तो म्हणाला, “आईची शपथ अक्का, मी थेंब घेत नाही.” मेलेल्या आईची खोटी शपथ घेतो म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट आत नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर नऊ महिने त्याचं नाव माझ्या घरात निघालं नव्हतं.

“नाही,” मी सरांना म्हणाले. “वास आला नव्हता.”

आयुष्यात मी इतकी कधी हादरले नाही. आई गेली तेव्हाही नाही. सर माझ्यासमोर पाण्याचा पेला धरून बोलत होते. “ऐका, बाई. रडायला नंतर वेळ आहे. ज्याचं अंग काळं पडलंय, त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही ह्याच रोगानं बंद पडलेल्या असतात. त्यांच्या रसावाचून अंगात मीठ टिकत नाही आणि माणूस साध्या तापातसुद्धा अचानक जातो. त्यावर औषध आहे, साधं, स्वस्त. पायांचं मी काही वचन देत नाही. जीव मात्र वाचवता येईल. कुठं आहे तो?”

मला माहीत नव्हतं.

त्याची बायको महादेवी माहेरी, विडी कामगारांच्या वसाहतीत राहत होती. मी रिक्षा करून तशीच तिथं गेले. ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“वाट चुकलात काय, वन्सं?”

“मल्लू कुठाय?”

“मला काय विचारता? तुमीच मला सांगितलं होतं, असल्या माणसाजवळ राहू नको, पोरांचं वाटोळं होईल. म्हणून आले की इथं.”

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं. “महादेवी, खरं सांग. तू त्याला कधी पिताना बघितलंस?”

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. “नाही. पण तुमी म्हणत होता. तुमी शिकलेल्या, दवाखान्यात काम करता. मला वाटलं, तुमाला कळत असंल.”

मी मटकन तिच्या पायरीवर बसले. सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडचं ऐकलं होतं, आणि त्यावर शिक्का मारला होता तो मी.

तिच्या भावाकडून पत्ता लागला. अक्कलकोट रोडला सूत रंगवण्याचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मल्लिनाथ राखणदार म्हणून पडून असायचा. आम्ही दोघी गेलो. शेडमध्ये रंगाच्या पिंपांमागे पोत्यावर तो कुशीवर निजला होता. एकतीस वर्षांचा माझा भाऊ साठीचा म्हातारा दिसत होता. ओठ, हिरड्या, तळहातावरच्या रेघासुद्धा काळ्या पडल्या होत्या. उशाशी खड्याच्या मिठाची पुडी होती, अर्धी संपलेली. आजूबाजूला उलटीचा वास होता. दुसरा कसलाही वास नव्हता. मी मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, हे कबूल करायला लाज वाटते, पण नेलं.

“मल्लू.”

त्यानं डोळे उघडले. “अक्का? तू कशाला आलीस? माझे पाय लागतील तुला, इथं घाण आहे.”

“हे मीठ कशाला?”

“काय की. मीठच खावंसं वाटतंय बघ. चार दिवस झाले, बाकी काय पोटात ठरेना.” मग त्याला महादेवी दिसली आणि तो उठायला धडपडला. “मी पिलो नाही. शपथ. विचार पाहिजे तर मालकाला.”

महादेवीनं तोंडात पदर कोंबला. मी त्याला उचलायला वाकले. लहानपणी कडेवर घेऊन मी त्याला सिद्धेश्वराची जत्रा दाखवली होती. आता त्याचं वजन तेवढंच लागत होतं.

इस्पितळात पोचलो तेव्हा त्याच्या नाडीला हात लावून सरांचा चेहरा पडला. रक्तदाब मशीनला नीट मिळतच नव्हता. सलाइन लावलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. सर म्हणाले, उद्या आणला असतात तर मी फक्त दाखला लिहिला असता. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. मनात एकच होतं, की हा असाच गेला तर लोक म्हणतील, दारूनं गेला. आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असेल.

पण तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर पठ्ठ्या उशीला टेकून बसला होता आणि महादेवीच्या हातची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खात होता. इतक्या वर्षांची मरगळ एका रात्रीत उतरली होती. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. ते औषध त्याला जन्मभर घ्यावं लागलं. पाय मात्र परत आले नाहीत. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकाची खुर्ची, असा तो पुढे अकरा वर्षं जगला. दोन्ही पोरं हाताशी आलेली बघून गेला. माझ्या मुलीचं रक्त नंतर तपासलं, ती सुटली. मी सुटले नाही. आता जिना चढताना माझेही पाय ताठतात आणि रस्त्यात तोल गेला की लोक कडेला होऊन बघतात.

पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरच्या सोमवारचा प्रसंग. मल्लूच्या रक्ताची पट्टी आली होती. सरांनी ती त्याच्या खाटेवर पसरली आणि शेवटच्या टेकडीवर बोट ठेवलं. ती कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली होती. सरांनी त्याला सगळं सांगितलं, कचरा, पहारेकरी, आग, जळालेलं वेष्टन. मल्लूनं मान खाली घालून ऐकलं. पाय सुधारायचे नाहीत हेही ऐकलं. मला वाटलं, आता रडेल. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मल्लूनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काही होतं. त्याला आनंद झाला होता.

“म्हणजे डॉक्टर, मी पीत नाही?”

सर गडबडले. “ते तुम्हालाच ठाऊक ना?”

“मला ठाऊक होतं हो. पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा माझं मलाच कळंना झालं. रात्री उठून तोंडाचा वास घेऊन बघायचो मी. झोपेत पितो की काय, असं वाटायचं.” तो सरांचा हात धरून म्हणाला, “मला कागद द्या. छापील नको, मराठीत लिहून द्या. ह्याला रोग आहे, हा दारू पीत नाही, असं. तुमचा शिक्का मारून.”

“देऊ की,” सर म्हणाले. “हत्तुरेबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा.”

मी इस्पितळाचे कागद आणले आणि स्टुलावर बसले. सरांनी मजकूर सांगितला. श्री. मल्लिनाथ शंकरप्पा कोरे यांच्या चालण्यातील दोष हा मज्जारज्जूच्या आजारामुळे असून, त्याचा मद्यपानाशी संबंध नाही. मी एकेक शब्द जपून लिहिला.

“एक पुरे?” सरांनी विचारलं. “की कोणाकोणाच्या नावे वेगळे हवेत?”

मल्लू बोटांवर मोजायला लागला. “टॉवेल कारखान्याचे मालक, एक. सासरे, दोन. गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी वर्गणी परत केली होती माझी, तीन. पोरांच्या शाळेचे हेडमास्तर, चार.”

मी चारही लिहिले. सरांनी सह्या केल्या, शिक्के मारले. मी पेनाला टोपण लावलं.

“अजून एक राहिला,” मल्लू म्हणाला.

“कोण?”

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. राग असता तर मला सोसलं असतं. लहानपणी पाटीवरचं गणित बरोबर आलं की दाखवायला आणायचा, तसं बघत होता.

“अक्काच्या नावे लिहा,” तो सरांना म्हणाला. “तिला कागद बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.”

 सरांनी घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी टोपण काढलं, नवीन कागद घेतला, आणि वर माझ्याच हातानं माझं नाव लिहिलं. सौ. विजया गुरुनाथ हत्तुरे यांस.